बालाघाटातून मेळघाटात

वऱ्हाडचा जुना नकाशा समोर धरला की त्याचे आडवे तीन पट्टे दिसतात. उत्तरेला सातपुड्याच्या रांगांचा मेळघाट, मधोमध पूर्णेच्या खोऱ्याचा सपाट पायनघाट आणि दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगरांनी उचलून धरलेला बालाघाट. आमचं अनसिंग या तिसऱ्या पट्ट्यात येतं. वाशीमहून पुसदकडं जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव. शृंगऋषींचं देऊळ, बाजारपेठ आणि चहूकडं सोयाबीन-तुरीची शेतं. इथून कुणी ‘थंड हवेला चाललो’ म्हणालं की ऐकणारा पुढं काही विचारत नाही. महाबळेश्वर दूर, उटी त्याहून दूर. थंड हवा म्हणजे चिखलदरा, हे वऱ्हाडात ठरलेलंच आहे. शाळेच्या सहली तिकडंच जातात, नवी मोटारसायकल घेतलेली पोरंही तिकडंच.

पण जाणारे बहुतेक जण चिखलदरा बघतात तो पॉइंटांपुरता. मला हे गाव पायथ्यापासून चढत बघायचं होतं, कारण चिखलदऱ्याची सगळी गोष्ट त्याच्या पायथ्याच्या मुलखात गुंतलेली आहे. खालच्या पायनघाटाशिवाय ते गाव समजत नाही, आणि पायनघाटाचं पान त्या डोंगराशिवाय हलत नाही.

सोयाबीन पिवळं पडून सोंगणीला आलं होतं तेव्हाची गोष्ट. वाशीमला एसटी बदलली. या वाशीमचं जुनं नाव वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्या काळी इथून अजिंठ्याच्या लेण्यांपर्यंत हुकूम चालत होता. आता इथून अकोल्यापर्यंत चौपदरी रस्ता झालाय. मालेगाव गेलं, मेडशी गेलं आणि पातूरचा घाट लागला. घाट तसा फार मोठा नाही, पण इथं पाणी दिशा बदलतं. अनसिंगच्या शेतातलं पाणी पैनगंगेला मिळतं, तिथून वर्धा-प्राणहिता करत गोदावरीतून बंगालच्या उपसागराला जातं. या डोंगरांच्या उत्तर उतारावरच्या काटेपूर्णा आणि मोर्णा मात्र पूर्णेला मिळतात, पूर्णा तापीला, आणि तापी सुरतेपाशी अरबी समुद्राला. तासाभराच्या प्रवासात आपण एका समुद्राच्या मुलखातून दुसऱ्या समुद्राच्या मुलखात उतरतो, आणि गाडीतलं कुणी मान वर करून बघतही नाही.

अकोल्याहून दर्यापूरमार्गे परतवाड्याला जाणारी गाडी घेतली. म्हैसांगला पूर्णा ओलांडली की खारपाणपट्टा काय असतो ते कळतं. नजर जाईल तिथवर काळी, खोल, चिकट जमीन. दगड औषधालाही सापडायचा नाही. वर कपाशी तरारलेली, आणि जमिनीखालचं पाणी इतकं खारट की ना पिकाला चालत ना माणसाला. शेजारी बसलेले दर्यापूरचे काका म्हणाले, “आमच्याकडं विहीर खंदली तरी पान्याची ओढ सुटत नाही. गोडं पानी धरनाचंच.” ते धरणाचं पाणी येतं सातपुड्यातून. दर्यापूर ज्या चंद्रभागेच्या काठी आहे, ती नदीही चिखलदऱ्याच्याच डोंगरात उगम पावते. म्हणजे आम्ही गाडीत बसून जिकडं चाललो होतो, तिकडूनच ती खाली आली होती.

पुढं अंजनगाव सुर्जी. केळीच्या बागा आणि पानमळ्यांचं गाव. शाळेतल्या इतिहासात एका तहापुरतं ते येतं : 30 डिसेंबर 1803 रोजी दौलतराव शिंद्यांचा इंग्रजांशी तह झाला तो इथं. त्याआधी 29 नोव्हेंबरला याच सपाटीवर अडगावची लढाई झाली, आणि 17 डिसेंबरला नागपूरच्या रघूजी भोसल्यांनी देवगावचा तह केला. महिन्याभरात उत्तर दख्खनचं चित्र फिरलं. अडगाव आणि देवगाव यांच्या मधली जी घटना आहे, तिच्यामुळं भोसल्यांचा धीर सुटला. ती डोंगरावर घडली. तिच्याकडं वर गेल्यावर येऊ.

अचलपूर-परतवाडा हे जोडगाव. अचलपूर म्हणजे जुनं एलिचपूर, इमादशाहीची राजधानी. परतवाडा म्हणजे तिथल्या फौजेची छावणी, आणि पुढं सागाच्या लाकडाची बाजारपेठ. मूर्तिजापूरहून इथवर येणारी छोटी रेल्वे, ‘शकुंतला’, आता बंद आहे. परतवाड्याच्या स्टँडबाहेर काळी-पिवळी भरायची वाट बघत होती. वऱ्हाडात काळी-पिवळी भरली असं कधीच होत नाही, अजून एकाला जागा असतेच.

धामणगाव गढी मागं पडलं आणि चढण सुरू झाली. साग, ऐन, मोह, तेंदू, मध्येच बांबूची बेटं आणि रस्त्याच्या कडेला रायमुनियाची दाटी. तीसेक किलोमीटरच्या या वाटेत हवा वळणावळणाला हलकी होत जाते. कपाशीचा वास सुटला, ओल्या पानांचा आला. माथ्याच्या जरा अलीकडं मोथा नावाचं गाव आहे, तिथं गाडी थांबतेच. चालक न विचारता उतरतो.

मोथा गवळ्यांचं गाव. दुकान म्हणजे पुढं पत्र्याची पडवी, आत चूल. चुलीवर रुंद लोखंडी कढई, आणि तिच्याशी बसलेली बाई लांब दांड्याच्या उलथन्यानं दूध सारखं ढवळत होती. कढईच्या कडेला धरलेली साय ती खरवडून पुन्हा दुधात लोटायची, क्षणभर थांबली तर बुडाला लागेल म्हणून बोलताना हात चालूच. “बसा भाऊ, हा घाणा उतरला की ताजा देतो,” ती म्हणाली. “किती दुधाचा किती खवा निघतो मावशी?” “म्हशीचं पाच लिटर आटवलं तं किलोभर. पान्यात चरलेल्या म्हशीचं असन तं तेवढाबी नाही.” पावसाळ्यात हिरवा चारा खाल्लेल्या म्हशीचं दूध पातळ असतं, असं तिचं म्हणणं. खवा पळसाच्या पानावर आला. गरम, किंचित करपलेला, दाणेदार. साखर घालतात का विचारलं तर तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी गप्प राहिलो.

इथं खवाच का, याचं उत्तर रस्त्यात आहे. डोंगरावर गुरं भरपूर, गिऱ्हाईक खाली. दूध घाट उतरेपर्यंत नासायचं. आटवलेला खवा आणि कढवलेलं तूप मात्र परतवाड्याच्या, अमरावतीच्या बाजारापर्यंत पोचायचं. मोथा, शहापूर, आलाडोह ही सगळी गवळ्यांची गावं याच हिशेबावर जगली. अलीकडं त्यांच्या शिवारात स्ट्रॉबेरीही लागते. ऑक्टोबरात रोपं लावायची, थंडीत फळ. रस्त्यालगतच्या एका तुकड्यात वाफ्यांवर काळा प्लास्टिकचा कागद अंथरून ठेवला होता.

गवळ्यांना मी एवढा वेळ दिला त्याला कारण आहे. चिखलदऱ्याच्या प्रत्येक माहितीफलकावर लिहिलेलं असतं की हे ठिकाण 1823 मध्ये हैदराबाद फौजेतल्या कॅप्टन रॉबिन्सननं शोधून काढलं. साहेब घोड्यावरून वर आला तेव्हा इथल्या कुरणात कुणाच्या म्हशी चरत होत्या, ते फलक सांगत नाही. शेजारच्या किल्ल्याचं नाव गाविलगड आहे; गवळी राजांनी तिथं आधी मातीची गढी बांधली होती अशी परंपरा सांगते. दक्षिणेतल्या उटीचीही कथा अशीच. कोइमतूरचा कलेक्टर जॉन सुलिव्हन 1819 मध्ये निलगिरीवर चढला, आणि ज्या माळावर त्यानं बंगला बांधला तो तोडांच्या म्हशींचा माळ होता. त्या दशकात साहेबांना सगळ्या हिंदुस्थानात डोंगर ‘सापडत’ होते. उन्हाळ्यानं आणि तापानं सैनिक मरत होते, त्यांना गार जागा हवी होती. अकोला-अमरावतीचा वैशाख ज्यानं काढलाय तो या बाबतीत साहेबाला फार दोष देणार नाही.

निलगिरीत आणि इथं फरक मात्र मोठा पडला. उटीला रेल्वे आली, चहा आला, शहर वाढलं. चिखलदरा 1839 पासून वऱ्हाडातल्या गोऱ्या अंमलदारांचं आवडतं ठिकाण होतं, समुद्रसपाटीपासून 1,118 मीटरवर, पण त्याच्यामागं एवढा पैसा कधी उभा राहिला नाही. वऱ्हाड होतं निजामाचं; 1853 मध्ये इंग्रजांनी ते कर्जापोटी ताब्यात घेतलं, 1902 मध्ये कायमच्या पट्ट्यावर. भाड्याच्या घरात कोण एवढा खर्च करतो! चार बंगले, चर्च, बाग, तलाव एवढ्यावर भागलं. मरियमपूरच्या ख्रिस्ती मिशननं कॉफीची झाडं लावली ती मात्र टिकली. सावलीतल्या त्या झुडपांना बघून दक्षिणेतलं कुणी ओळखीचं भेटल्यासारखं वाटतं. आजही गावाची लोकसंख्या पाच हजारांच्या आसपास, आणि नगरपरिषद राज्यातल्या अगदी लहान नगरपरिषदांपैकी. मला वाटतं, पैसा न आल्यानं या गावाचं भलंच झालं.

पॉइंटांबद्दल थोडक्यात. हरिकेन, प्रॉस्पेक्ट, पंचबोल, देवी, भीमकुंड, वैराट. पंचबोलला हाक मारली की प्रतिध्वनी फिरून फिरून येतो. तिथं उभं राहून पोरांनी आपल्या मास्तरांची नावं घेतलेली ऐकली. हरिकेनपासून गोराघाटपर्यंत दरीवर काचेचा स्कायवॉक बांधायचं काम सिडकोनं हाती घेतलं आणि गावात प्रत्येकाचं त्याबद्दल मत आहे. भीमानं कीचकाला मारून दरीत टाकलं आणि कुंडात हात धुतले, वैराट म्हणजे विराटाची नगरी, हे इथं लहान पोरही सांगतं. त्या विराटनगरीवर राजस्थानातल्या बैराटचाही दावा आहे. आपण त्या वादात न पडलेलं बरं. देवी पॉइंटला मात्र जरूर जावं. खडकाच्या कपारीतलं देऊळ, वरून झिरपणारं पाणी, आणि समोरच चंद्रभागा दरीत उडी घेते. दर्यापूरच्या पुलाखाली जी मातकट आणि संथ वाहत होती, ती इथं पांढरी, थंडगार आणि हातावर झेलता येण्याजोगी.

गाविलगडावर अर्धा दिवस ठेवावा. पावसाळ्यानंतर गवत छातीएवढं असतं, काठी हवी, आणि बरोबर कुणी माहितगार असेल तर उत्तम. बहामनी सुलतान अहमदशहा वली यानं 1425 च्या सुमारास इथं दगडी तटबंदी उभी केली. 1488 मध्ये फतहुल्ला इमादुल्मुल्कनं किल्ल्याची डागडुजी केली आणि 1490 मध्ये तो स्वतंत्रच झाला. वऱ्हाडची इमादशाही ती हीच. हा फतहुल्ला मुळातला विजयनगरच्या मुलखातला कानडी ब्राह्मणाचा मुलगा. लढाईत पोरवयात पकडला गेला, मुसलमान झाला, वऱ्हाडच्या सुभेदाराच्या पदरी वाढला आणि शेवटी राजा झाला.

त्याचा पत्ता शार्दूल दरवाजावर कोरलेला आहे. मी तिथं बराच वेळ मान वर करून उभा होतो. कमानीच्या वर दोन्ही अंगांना शार्दूल, अंग ताणलेले, शेपट्या उंच. त्यांच्यावर गंडभेरुंड, दोन तोंडांचा पक्षी, आणि त्याच्या तावडीत हत्ती. हत्ती मुठीएवढा, पक्षी त्याच्या कितीतरी पट. दगडावर शेवाळ धरलंय तरी पिसांच्या रेघा बोटानं मोजता याव्यात इतक्या स्पष्ट. गंडभेरुंड हे विजयनगरकडचं राजचिन्ह. पुढं म्हैसूरच्या वडियारांनीही ते मिरवलं. सातपुड्याच्या टोकावर, सुलतानाच्या किल्ल्यात, तुंगभद्रेकाठचा पक्षी! या माणसानं नाव बदललं, धर्म बदलला, मुलूख बदलला, आणि दरवाजावर कोरायची वेळ आली तेव्हा लहानपणी पाहिलेलंच कोरून घेतलं, असं मला वाटतं. इतिहासकार याला पुरावा मागतील. मागोत.

आत पडझडीचं राज्य आहे. मोठी मशीद, 1577 चा बहराम बुरूज, गवतात लोळणाऱ्या लांबलचक तोफा, आणि तलाव. अबुल फजलानं आईन-ए-अकबरीत या गडाच्या अजिंक्यपणाबरोबर इथल्या एका झऱ्याचंही वर्णन केलंय. त्या पाण्यात पोलादी हत्यारांना पाणी देत असत म्हणे. असा गड पडला कसा, याचं उत्तर भूगोलात सापडतं. तिन्ही बाजूंना तुटलेले कडे आणि उत्तरेला तेवढी डोंगराची सोंड जोडलेली. आर्थर वेलस्लीनं दक्षिणेकडून तोफा डागून देखावा केला, आणि कर्नल स्टीव्हन्सनला जड तोफा घेऊन डोंगर फिरून उत्तरेला पाठवलं. रस्ता नव्हताच, झाडं तोडत, दगड हलवत माणसांनी आणि बैलांनी त्या ओढून नेल्या. 13 डिसेंबरला मारा सुरू झाला, 15 डिसेंबर 1803 च्या सकाळी हल्ला. बाहेरच्या तटाला खिंडार पडलं, पण आत दुसरा तट शाबूत होता, मध्ये दरी. कॅप्टन कॅम्पबेलच्या तुकडीनं दरी उतरून शिड्या लावल्या, आत उड्या टाकल्या आणि दरवाजा उघडला. मग कत्तल. भोसल्यांचा किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला, इंग्रजांचा कर्नल केनीही गेला. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. वेलस्ली पुढं ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, 1815 मध्ये त्यानं वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं. इंग्लंडात आजही बर्नार्ड कॉर्नवेलच्या ‘शार्प्स फोर्ट्रेस’ या कादंबरीमुळं गाविलगड हजारो वाचकांना माहीत आहे. आमच्याकडं बेनीसिंगचं नाव विचारलं तर अकोल्यात दहा जणांत एकाला सांगता येईल का, शंका आहे. 1857 नंतर हा गड तात्या टोप्यांच्या हाती लागू नये म्हणून इंग्रजांनी तो निकामी करून टाकला.

गावात परतल्यावर दुसरं चिखलदरा दिसतं, जे पर्यटकाच्या फोटोत येत नाही. हे तालुक्याचं ठिकाण आहे. चिखलदरा आणि धारणी मिळून मेळघाट, आणि इथले मूळ रहिवासी कोरकू. तहसीलसमोर सकाळपासून माणसं बसलेली असतात. रेशनकार्ड, जातीचा दाखला, वनहक्काचा पट्टा. प्लास्टिकच्या पिशवीत कागद गुंडाळून छातीशी धरलेले. आपसात बोलतात ती कोरकू भाषा मराठीशीही नात्यात नाही आणि गोंडीशीही. ती मुंडा कुळातली, तिच्या बहिणी संथाली आणि मुंडारी दूर झारखंडाकडं. त्या कुळातली सगळ्यांत पश्चिमेची भाषा म्हणजे ही. जॉन ड्रेक या मिशनऱ्यानं तिचं व्याकरण 1903 मध्ये छापलं.

कोरकू गावात गेलात तर घरं दोन सरळ ओळींत समोरासमोर दिसतील, मधून रुंद रस्ता. माणूस गेल्यावर त्याच्या नावानं सागाचा खांब कोरून पुरतात, त्याला मुंडा म्हणतात. मी पाहिला त्यावर सूर्य, चंद्र आणि घोडेस्वार होता. घोड्याचे पाय जरा आखूड, स्वार मात्र ऐटीत. तो मुंडा उभा करायचा म्हणजे सिडोली करायची, गावजेवण घालायचं, आणि त्याला पैसा लागतो. मग कित्येक घरांतल्या पितरांना वर्षानुवर्षं थांबावं लागतं.

1973-74 मध्ये देशातले पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प झाले, त्यात मेळघाट होता. 1990 च्या दशकात हेच नाव कुपोषणानं मेलेल्या मुलांमुळं वर्तमानपत्रांत आलं. बैरागडला आयुष्य काढणारे डॉ. रवींद्र आणि स्मिता कोल्हे यांना 2019 मध्ये पद्मश्री मिळाली. जंगल, वाघ, कुपोषण, पर्यटन : सरकारी कागदांत प्रत्येकाची फाइल वेगळी, आणि माणसं तीच. पाण्याचंही तसंच. इथं वर्षाला दीड हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पण काळा पत्थर पाणी धरत नाही. दिवाळीपर्यंत ओढे खळखळतात आणि एप्रिलात डोंगरावरच्या गावांना टँकर लागतो. खालच्या खारपाणपट्ट्याची तहान भागवणारा डोंगर स्वतः उन्हाळाभर हंडे घेऊन रांगेत उभा. शक्कर तलाव, काळापाणी तलाव ही साहेबाच्या आणि त्याआधीच्या काळातली सोय अजून उपयोगी पडते, त्यांच्यात साचलेला गाळ पाहिला की ती किती दिवस पुरेल याची काळजी वाटते.

उतरताना घटांगचा रस्ता घेतला. या वाटेनं जंगल जास्त दाट, वस्ती कमी. सलोन्याला एसटीत एक कोरकू कुटुंबच चढलं : दोन पुरुष, तीन बाया, कडेवरचं पोर, गाठोडी, भांडी आणि नव्यानं धार लावलेले विळे कापडात गुंडाळलेले. कंडक्टरनं विळे सीटखाली ठेवायला लावले.

“कुठं चाल्ले भाऊ?” मी विचारलं.

“सोयाबीन सोंगायले. मुकादम परतवाड्याले भेटते, तो नेईन तिकडं. मागल्या वर्षी दर्यापूरले होतो, त्याच्या आधी रिसोडकडं.”

“एकरी काय भाव देतात?”

त्यानं माझ्याकडं नीट पाहिलं. आमच्या गावाकडं यंदा काय भाव फुटलाय, ते त्यालाच आधी मला विचारायचं होतं. मी सांगितला. त्यानं तो कोरकूत बायकांना सांगितला, त्यांच्यात बराच वेळ चर्चा झाली, आणि मग त्यानं खिशातून मोबाइल काढून मुकादमाचा नंबर लावला.